झाकणअण्णा

हिंदवाडीत आमच्या गल्लीत शिरून कुणी अण्णांचं घर विचारलं, तर माणसं घरनंबर सांगत नाहीत. "ते झाकलेलं घर न्हवं?" म्हणतात आणि हात करतात. खूण अगदी बरोबर आहे. फाटकाजवळची स्कूटर कव्हरात असते. कव्हर उन्हानं विरू नये म्हणून त्यावर ताडपत्री असते आणि ताडपत्री वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर दोन विटा असतात. नळाच्या मीटरला लाकडी टोपी आहे. दारावरच्या घंटीला पत्र्याचा छज्जा आहे, त्यामुळे पावसात घंटी भिजत नाही, वाजवणारा भिजतो. नावाच्या पाटीवर प्लास्टिक डकवलंय. ते इतकं पिवळं पडलंय की आतलं नाव वाचता येत नाही, पण पाटी मात्र आणली तशी नवी आहे.

आतली व्यवस्थाही याच धर्तीची. टीव्हीचा रिमोट पिशवीत, सोफा अभ्र्यात, अभ्रा चादरीखाली. पाहुणे आले की चादर काढायची, फारच मोठे पाहुणे आले तर अभ्राही काढायचा. एवढे मोठे पाहुणे अजून आलेले नाहीत. सोफ्याचा मूळ रंग काकूंनी शेवटचा पाहिला तो दुकानात.

'अण्णा' हे नाव बेळगावात फार सोयीचं. मराठीत चालतं, कन्नडात चालतं. दोन्ही बाजूंना एकमतानं मान्य असलेल्या ज्या थोड्या गोष्टी या भागात आहेत, त्यांत कुंद्याच्या खालोखाल 'अण्णा' या शब्दाचा नंबर लागावा. पुढचं 'झाकण' मात्र गल्लीतल्या पोरांनी लावलेलं. अण्णांना ते माहीत आहे. त्यांची तक्रार नाही. "झाकणाशिवाय भांडं म्हणजे काय, घमेलं!" असं ते म्हणतात.

अण्णांची हयात उद्यमबागेतल्या कारखान्यात गेली. फौंड्रीतून कास्टिंग यायचं, मशीनवर त्याचं काम व्हायचं आणि मग ते अण्णांच्या टेबलावर यायचं. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून मायक्रोमीटर लावायचे आणि मान हलवायचे. उभी हलली तर माल पास, आडवी हलली तर रिजेक्ट. 36 वर्षं ही मान बहुतेक आडवीच हलली. सुतार म्हणतो, "एक सूत इकडंतिकडं चालतंय की ओ." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अण्णा थाऊत बोलणारे, आणि थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. म्हणजे सुतार जेवढं सोडून देतो, तेवढ्यात अण्णांना 125 चुका दिसतात. असा माणूस निवृत्त होऊन घरी आला तेव्हा कंपनीनं शाल आणि नारळ दिला, आणि काकूंवर काय प्रसंग आला ते कुणी विचारलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी चपात्यांचा व्यास मोजला. दुसऱ्या आठवड्यात काकूंनी लाटणं त्यांच्यासमोर ठेवलं. तिसऱ्या आठवड्यापासून अण्णांचं लक्ष स्वयंपाकघरातून उठून अंगणात गेलं.

या जातीची माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांना वस्तू दिसत नाहीत, काम दिसतं. तुम्ही खुर्चीत बसता, ते खुर्चीचा हलणारा पाय बघतात. तुम्ही चहा पिता, ते कपाचा कान बघतात. तुमच्या घरातून निघताना "बिजागरी करकरायल्या बघा, उद्या तेल घेऊन येतो" म्हणतात आणि खरोखर येतात. कधीही विचारा, "अण्णा, काय चाललंय?" उत्तर ठरलेलं: "काम करूलाय." आमच्या बेळगावी बोलीतलं हे 'करूलाय' पुण्याच्या 'करतोय'पेक्षा निराळं आहे. पुण्याचा 'करतोय' कधीतरी 'केलं'पर्यंत पोचतो. आमचा 'करूलाय' हा चालू वर्तमानकाळ नव्हे, हा कायम वर्तमानकाळ.

तर अशा या अण्णांच्या फाटकाशी दोन डबे उघड्यावर होते. एक हिरवा, एक निळा. ओल्या कचऱ्याचा आणि सुक्या कचऱ्याचा. सगळं घर झाकणाऱ्या माणसाला हे दोन डबे कसे चुकले, याचं आम्हांला नवल वाटायचं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं असावं. तो अंधार पुण्याच्या पाहुणीनं दूर केला. काकूंच्या मावसबहिणीची ही विहीण. ती महालक्ष्मीला म्हणून कोल्हापूरला आली आणि तशीच कुंदा घ्यायला बेळगावला आली. फाटकाशी चप्पल काढता काढता म्हणाली, "अय्या, तुमच्याकडे कचरा असा दारातच ठेवतात होय?"

बेळगावचा माणूस पावसाला नावं ठेवून घेतो, रस्त्याला नावं ठेवून घेतो. पण पुण्याच्या माणसानं ठेवलेलं नाव तो पोटात ठेवतो आणि सात पिढ्यांना वारसा म्हणून देतो. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. पाहुणी आपला कुंदा घेऊन गेली आणि अण्णांना आपली कुंडी देऊन गेली.

त्यातच न्यू जर्सीच्या भाच्यानं आपल्या घराचा फोटो पाठवला. तिकडं चाकांचे कंबरेएवढे डबे असतात, आणि ते रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून लोक त्यांच्यासाठी लाकडी पट्ट्यांचं छोटं घर बांधतात. चार कोपऱ्यांना चार खांब, मध्ये फटी सोडून आडव्या पट्ट्या, पुढे दार, वर बिजागरीचं झाकण. भाच्यानं ते स्वतः केलं होतं, आणि ज्यात बघून केलं तो व्हिडिओही पाठवला होता. व्हिडिओतला गोरा इसम हसत हसत सांगत होता की हे सोपं काम आहे, एका शनिवार-रविवारचं. अण्णांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. अकराव्या वेळी ते म्हणाले, "ह्याचा गुण्या चुकलाय." आणि तिथंच ठरलं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती.

काम ड्रॉइंगनं सुरू झालं. वरून, समोरून, बाजूनं असे तीन देखावे निघाले. 2016 सालच्या घनकचरा नियमांत घरच्या कचऱ्याचे तीन भाग सांगितले होते: ओला, सुका आणि घातक. म्हणून अण्णांनी तीन कप्पे काढले.

काकू म्हणाल्या, "आपल्या घरात घातक काय हाय?"

अण्णा म्हणाले, "संपलेले सेल, फुटका बल्ब, जुनी औषधं."

"आणि तुमची करवत," काकू म्हणाल्या.

मग लाकूड. उद्यमबागेत मशीन ज्या खोक्यांतून येतं त्यांच्या फळ्या स्वस्तात मिळत होत्या. अण्णांनी एक फळी डोळ्यांसमोर आडवी धरली आणि मान आडवी हलवली. खानापूरकडचं सागवान बघायला गेले, भाव ऐकून तसेच परत आले. प्लाय म्हटलं तर बेळगावच्या पावसात प्लायचा पापड होतो. या गावाला लोक उगाच गरिबांचं महाबळेश्वर म्हणत नाहीत. शेवटी निपाणीचे मेव्हणे धावून आले. त्यांच्या नात्यात कुणाचीतरी तंबाखूची जुनी वखार पाडायला काढली होती. पन्नास-साठ वर्षं तंबाखूत मुरलेलं सागवान. "भाव काय द्यायचा?" अण्णांनी विचारलं. "दाजी, तुमच्याकडनं पैसे घेऊ व्हय? टेंपोचं भाडं तेवढं द्या," मेव्हणे म्हणाले.

मेव्हणे हा वेगळ्या व्यक्तिचित्राचा विषय आहे. ते स्वतः टेंपोत फळ्यांवर बसून आले आणि उतरायच्या आत त्यांनी निपाणीचा इतिहास सुरू केला. 1981 साली शेतकरी नेते शरद जोशी आले, तंबाखूच्या भावासाठी शेतकरी बायकापोरांसकट हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, ते सगळं मेव्हण्यांनी पाहिलेलं. त्यांचं शिक्षण देवचंद कॉलेजात झालं. हे कॉलेज निपाणीचं म्हणून ओळखलं जातं, पण ते आहे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. "सकाळी कर्नाटकातनं निघायचं, महाराष्ट्रात शिकायचं, दुपारी जेवायला परत कर्नाटकात. दोन राज्यांचा प्रवास रोज सायकलीवर!" हे वाक्य त्यांनी आतापर्यंत जितक्या वेळा ऐकवलं, तितक्या वेळा ते कॉलेजात गेले असतील की नाही याची काकूंना शंका आहे.

फळ्या उतरल्या आणि अण्णांनी रंधा लावला. इथून गल्लीचे हाल सुरू झाले. लाकडाच्या रेषारेषांत अर्ध्या शतकाची तंबाखूची भुकटी बसलेली. रंध्याखाली ती मोकळी झाली आणि वाऱ्यावर निघाली. पहिली शिंक अण्णांची, दुसरी काकूंची, आणि मग ओळीनं सगळ्या घरांतून सलामी झडू लागली. साधी शिंक असती तर निभावलं असतं. पण बाहेर पडताना शिंक ऐकू आली तर दोन मिनिटं बसून निघायचं, हा आपला शिरस्ता. माणसं चपला घालायची, शिंक यायची, चपला काढून बसायची. पुन्हा उठायची, पुन्हा शिंक. एक मुलगा मुलाखतीला निघाला होता, त्याच्या आजीनं त्याला पाच वेळा बसवलं. कोपऱ्यावरच्या तात्यांनी तर चार दिवसांत एकही काम सुरू केलं नाही. अण्णांना मात्र त्यातही गुण दिसला. "घूस येणार नाही, झुरळ येणार नाही, मुंगी येणार नाही," ते शिंकत शिंकत म्हणाले. खरंच, महिनाभर गल्लीत काही आलं नाही. पाहुणेसुद्धा.

काम चालू असताना येणारा-जाणारा फाटकाशी थांबायचा. कुणी म्हणे कोंबड्यांचं खुराडं, कुणी म्हणे इन्व्हर्टरची पेटी. एक जण फारच हळू आवाजात "घरात सगळी बरी हैत न्हवं?" म्हणून विचारून गेला. लांबी-रुंदी बघता त्याचाही दोष नव्हता. "कचऱ्याच्या डब्यासाठी आहे," म्हटल्यावर मात्र सगळे हसायचे. अण्णा खचायचे नाहीत. अशा वेळी ते किर्लोस्करांना बोलावत. "लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली ह्याच बेळगावात सायकलचं दुकान काढलं. मग लोखंडी नांगर केला. लोक काय म्हणाले? लोखंडानं जमिनीला विष बाधतंय म्हणाले! पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. मग 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. हसणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक हैत?" ऐकणारा हसणं थांबवायचा. किर्लोस्कर रोडवरून त्याला रोज जायचं असतं.

मी एकदा उगाच माझं वाचन पाजळलं. म्हटलं, "अण्णा, पॅरिसमध्ये युजेन पूबेल नावाचा एक अधिकारी होता. त्यानं 1884 साली फर्मान काढलं की प्रत्येक घरमालकानं झाकणाचे डबे ठेवायचे, आणि कचरासुद्धा वेगवेगळा करायचा. लोक इतके चिडले की त्यांनी डब्यालाच त्याचं नाव दिलं. फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला आजही पूबेल म्हणतात."

अण्णांच्या हातातली पटाशी थांबली. "म्हणजे माणूस गेला, पण नाव राहिलं?"

"राहिलं."

"घरोघरी?"

"घरोघरी."

ते बराच वेळ आपल्या पेटीकडे बघत राहिले. काकू आतून म्हणाल्या, "तुमचं नाव कचऱ्याला लागायला एवढं लांब पॅरिसला जायला नको."

पेटीचा सांगाडा उभा राहिला आणि सीमाप्रश्न निर्माण झाला. अण्णांच्या आणि शेजारच्या मास्तरांच्या घरामध्ये कंबरेएवढी भिंत आहे. पेटी भिंतीला टेकून, आणि पावसाचं पाणी ओघळावं म्हणून तिचं झाकण मागच्या बाजूला थोडं बाहेर काढलेलं. ते भिंत ओलांडून तीन इंच मास्तरांच्या हद्दीत गेलं. मास्तर मोजपट्टी घेऊन आले. अण्णा व्हर्नियर घेऊन आले. शेवटी दोघांनी कोपऱ्यावरच्या तात्यांना पंच नेमलं. तात्यांनी चहा घेतला, जागेची पाहणी केली आणि निवाडा दिला: दोन इंच अण्णांकडे, एक इंच मास्तरांकडे. दोघांनीही तो तिथंच नाकारला.

"मी काय महाजन हाय?" तात्या चिडले.

पण त्यांची गत तीच झाली. बेळगावच्या सीमाप्रश्नावर 1966 साली महाजन आयोग नेमला, 1967 साली अहवाल आला, महाराष्ट्रानं तो फेटाळला, 2004 साली प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि तिथं ते आहे. आमच्या तीन इंचांचा प्रश्न मात्र दहा दिवसांत सुटला. मास्तर सकाळी भिंतीशी उभे राहून 'तरुण भारत' वाचतात. एके दिवशी त्यांनी हातातला कप सहज त्या तीन इंचांवर ठेवला. दुसऱ्या दिवशीही ठेवला. तिसऱ्या दिवशी ते अण्णांना म्हणाले, "अजून दीड इंच काढलं असतंत तर बशी पण बसली असती."

पेटी पुरी झाली तेव्हा मृग तोंडावर आला होता. शनिवार-रविवारचं काम पाच महिन्यांत उरकलं. वस्तू मात्र देखणी, यात वाद नाही. पट्ट्यांमध्ये सगळीकडे सारख्या फटी सोडल्या होत्या, कारण ओल्या कचऱ्याला हवा लागली नाही तर तो कुजून घाण मारतो. तळाला उतार आणि पाणी जायला भोक. खाली चार विटा, म्हणजे लाकूड जमिनीची ओल धरणार नाही. पितळी कडी-कोयंडा. वॉर्निशचे तीन हात. काकूंनी जमाखर्च मांडला. डबे दोन, प्रत्येकी 180 रुपये, एकूण 360. ते झाकण्याचा खर्च 6,340, त्यात अण्णांची मजुरी धरलेली नाही, आणि शिंकांवरची औषधंही नाहीत.

नारळ फुटला, डबे आत गेले. आत गेले ते असे, की पंचवीस थाऊ इकडे, पंचवीस थाऊ तिकडे. अण्णांनी गल्लीकडे वळून पाहिलं. मग डबा बाहेर काढायला हात घातला. हात जाईना. डबा बसायला जागा सोडली होती, डबा धरणाऱ्या बोटांना सोडली नव्हती. 36 वर्षांत अण्णांनी जे जे तपासलं ते एकदा बसलं की बसलं. रोज सकाळी बाहेर काढायचं कास्टिंग त्यांना कधी भेटलं नव्हतं.

मग डब्यांना सुतळीचे कान बांधले. डबे निघू लागले. पण पेटीचं झाकण मागे भिंतीला अडायचं. ते पुरतं मागे टेकत नव्हतं, अर्धवट उभं राहायचं, आणि मनात आलं की पडायचं. रोज सकाळी कचऱ्याची गाडी यायची, पौरकार्मिक झाकण उचलून वाकायचा आणि झाकण त्याच्या पाठीत बसायचं. त्यात त्याला शिंक यायची. शिंकेनं मान खाली गेली की झाकण डोक्यात.

पहिल्या दिवशी तर त्याला पेटी कसली आहे तेच कळलं नव्हतं. रोजचे डबे जागेवर नाहीत बघून त्यानं फाटकातून हाक मारली, "अण्णा, कस एल्लैत्रि?"

कचरा कुठाय, असं तो विचारत होता. कन्नडात कस म्हणजे कचरा. हसि कस म्हणजे ओला, ओण कस म्हणजे सुका. जन्म बेळगावात गेलेल्या अण्णांना हे ठाऊक नाही असं थोडंच! पण त्या सकाळी ते कौतुकाच्या तंद्रीत होते, आणि तंद्री नेहमी मातृभाषेत लागते. त्यांनी ऐकलं ते आपलं मराठी 'कस'. जमिनीचा कस, सोन्याचा कस. ते धावत आले. "कस बघायचाय? ही बिजागरी बघ. हा सांधा बघ. नख शिरतंय का बघ!" तो बिचारा म्हणाला, "ब्याड्री अण्णा, कस बेकु." नको अण्णा, कचरा हवाय. या हृदयीचं त्या हृदयी जायला सात-आठ मिनिटं लागली. तोवर गाडी पुढच्या गल्लीत गेली होती.

म्हणून पाटी लावायचं ठरलं. 2024 सालच्या दुरुस्तीपासून कर्नाटकात दुकानांच्या पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. हा नियम धंद्याच्या पाट्यांसाठी आहे, घरच्या कचऱ्याच्या पेटीला नाही, हे मास्तरांनी सांगून पाहिलं. "आपल्याकडनं नियमात कमी नको," अण्णा म्हणाले. अडचण एवढीच की मराठीत 'कचरा' तीन अक्षरं, आणि कन्नडात 'कस' दोन. तीन अक्षरं 40 टक्क्यांत आणि दोन अक्षरं 60 टक्क्यांत बसवायची म्हणजे दोन अक्षरं भिंगातून पाहिल्यासारखी होणार. अण्णांनी व्हर्नियर लावून ती काढली. गल्लीच्या टोकावरून नुसतं 'कस' दिसतं. कन्नड माणूस वाचतो आणि नाक धरतो. थोडं कन्नड वाचता येणारा मराठी माणूस वाचतो आणि "कसला कस ओ हा?" म्हणून आत डोकावतो, आणि मग तोही नाक धरतो. दोन्ही भाषक समाजांत एवढी एकवाक्यता दुसऱ्या कुठल्या पाटीनं साधली असेल असं वाटत नाही.

पाटी लागूनही पेटीचा दिमाख काही तिला कचऱ्याची म्हणू देईना. एके सकाळी कुणीतरी तिच्यावर झेंडूचं फूल ठेवून गेलं. एका मांजरीनं घातक कचऱ्याच्या कप्प्यात चार पिल्लं घातली. पिल्लं मोठी होईपर्यंत तीन आठवडे काकूंनी फुटका बल्ब कपाटात जपून ठेवला. सगळ्यात मोठा घाव घातला तो कुरिअरच्या पोरानं. पडणारं झाकण हळूहळू खाली यावं म्हणून अण्णांनी तेलाच्या दाबावर चालणारा खास दांडा मागवला होता. पोरगं नवीन. घरात कुणी नाही बघून त्यानं आजूबाजूला पाहिलं. पितळी कडीची, वॉर्निश केलेली, एवढी सुबक पेटी दाराशी. पार्सलसाठीच असणार! त्यानं पार्सल सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात नीट उभं ठेवलं आणि "आपलं पार्सल सुरक्षित जागी ठेवलं आहे" असा निरोप पाठवला. अण्णांनी निरोप वाचेपर्यंत दांडा तुरमुरीच्या कचरा डेपोच्या वाटेला लागला होता. अण्णा स्कूटरवर निघाले. म्हणजे विटा उतरवल्या, ताडपत्री काढली, कव्हर काढलं आणि निघाले. तोवर गाडी रिकामी होऊन परत आली होती.

पावसानं उरलेलं काम केलं. बेळगावचा पाऊस एकदा लागला की दोन-दोन आठवडे सूर्याचं तोंड दिसत नाही. सागवान असलं तरी लाकूडच ते. ओल धरून फुगलं. पंचवीस थाऊंच्या फटी मिटल्या. आषाढी एकादशीला सकाळी झाकण उघडेना. पौरकार्मिकानं ओढलं, अण्णांनी ओढलं, मास्तर कप बाजूला ठेवून आले आणि त्यांनीही ओढलं. उपासाच्या दिवशी तीन पुरुष कचऱ्याच्या पेटीशी झटताहेत आणि पेटी आतून कचरा धरून बसलीय, हे दृश्य बघायला अख्खी गल्ली जमली. शेवटी अण्णांनी पटाशी आणली. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि दुसरीकडे वळलो.

तेव्हा तो पौरकार्मिकच म्हणाला, "अण्णा, डबा म्याल इड्रि." वर ठेवा. वर ठेवला की झाकण नको, वाकणं नको, शिंक नको. पाठीला त्रास नाही, हात वर केला की डबा गाडीत. अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. उंची मोजली. एक थाऊसुद्धा कमी-जास्त नाही. तीन देखाव्यांच्या ड्रॉइंगमध्ये जे मोजायचं राहिलं होतं, ते माणूस होतं, आणि ते रोज सकाळी दाराशी येऊन उभं राहत होतं. अण्णांची मान हलली. 36 वर्षांच्या सवयीनं आधी थोडी आडवी, मग सावकाश उभी.

मध्ये भाच्याचा फोन आला. पेटी कशी चाललीय, त्यानं विचारलं. "मस्त," अण्णा म्हणाले, "तुझ्यापेक्षा चांगली झालीय. फोटो पाठवतो." फोटो काढताना त्यांनी वरचे डबे खाली उतरवून स्कूटरच्या ताडपत्रीमागे लपवले, हे मी पाहिलंय. काकूंनी ओल्या कचऱ्यासाठी मागच्या अंगणात एका फुटक्या माठात माती आणि पाचोळा घालून सोय केली, तिला खर्च काही आला नाही आणि ड्रॉइंगही लागलं नाही. हिरवा डबा त्यामुळे बहुतेक दिवस रिकामाच असतो.

सध्याची स्थिती अशी आहे: पेटीत अण्णांचा रंधा, करवत, गुण्या, पटाशी आणि गिरमिट असतं. पुण्याच्या पाहुणीचं पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं चाललंय. पेटीचं वॉर्निश खराब होऊ नये म्हणून तिला जाड प्लास्टिकचं कव्हर शिवून घेतलंय. कव्हरवर दोन डबे आहेत, एक हिरवा, एक निळा. दोन्ही उघडे.